पक्ष फुटला, डोकं भावाचं फुटलं: आता जबाबदार कोण?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. तालुक्याच्या गावी पक्षाचं संपर्क कार्यालय, पक्ष फुटल्यावर दोन्ही गट म्हणतात ते आमचंच, एका संध्याकाळी दारावरची पाटी बदलण्यावरून राडा झाला आणि विचारणाऱ्याच्या मोठ्या भावाच्या डोक्याला ९ टाके पडले, डावा हात मोडला. पोलिसांनी समोरच्या २८ जणांवर गुन्हा घेतला आणि तासाभरात भावासकट त्यांच्या गटाच्या १४ जणांवर उलटा गुन्हाही घेतला. ज्यांच्या शब्दावर हे झालं ते दोन्हीकडचे नेते कुठल्याच कागदावर नाहीत. आता झेडपीच्या तोंडावर दोन्ही गटांची दिलजमाई होणार अशी कुजबुज आहे. नेत्याला आरोपी करता येतं का, पक्ष स्वतः काही कारवाई करतो का, आणि हे सगळे एक झाले तर केसचं काय होणार?

मी २६ वर्षं जिल्हा कोर्टात फौजदारी करतोय, कधी फिर्यादीकडून कधी आरोपीकडून, आणि फुटलेल्या पक्षांच्या मारामाऱ्या हा माझ्याकडचा जवळजवळ कायमचा धंदा झालाय. त्यामुळे आधी कडू गोष्ट सांगतो. अशी केस समोरचा गट मारत नाही, आपलाच गट मारतो. समोरचा फार तर लांबवतो. मारतात ते आपले, कारण त्यांना केस जिंकायची नसते, केस हातात ठेवायची असते, म्हणजे बोलणी सुरू झाली की टेबलावर टाकायला एक पत्ता असतो. तुमच्या भावाचे ९ टाके हा तो पत्ता आहे. वाईट वाटेल, पण इथून सुरुवात केली नाही तर पुढचं काही समजणार नाही.

एक जुनी केस सांगतो, नावं गावं सोडून. रात्री साडेअकराला पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात मी पोचलो तर नेत्याचा पीए हातात लेटरपॅडचा कागद घेऊन उभा, त्यावर ३४ नावं. ठाणे अंमलदार ती यादी बघून फिर्याद टाईप करतोय. ज्याचं डोकं फुटलं तो पोरगा बाकावर बसलेला, शर्टावरचं रक्त वाळून कापड पुठ्ठ्यासारखं झालेलं, आणि त्याला एकाने पण विचारलं नव्हतं की बाबा तुला मारलं कोणी. मी विचारलं. त्याने दोघांना अगदी समोरून पाहिलं होतं, एकाच्या हातात पाटी काढायला आणलेली पहार होती आणि दुसऱ्याने मागून कॉलर धरली होती, एवढं स्पष्ट. ३४ च्या यादीत ते दोघं २२ व्या आणि ३१ व्या नंबरला, बाकी सगळी समोरच्या गटाची वॉर्डवार लिस्ट, म्हणजे पुढच्या निवडणुकीत कोण त्रास देईल त्याची. त्यात एक माणूस असा निघाला जो त्या संध्याकाळी दवाखान्यात डायलिसिसला होता. ६ वर्षांनी उलटतपास झाला तेव्हा समोरच्या वकिलाने पहारीचा विषय काढलाच नाही, पहिले पाच प्रश्न त्या डायलिसिसवाल्यावर विचारले. हा होता का तिथे? तुम्ही पाहिलं का? मग फिर्यादीत नाव कसं? झालं. जी खरी दोन नावं होती ती पण बाकीच्यांबरोबर वाहून गेली.

कायद्यात याला आधार आहे. मोठ्या जमावाच्या केसमध्ये एकाच साक्षीदाराच्या शब्दावर पंचवीस-तीस लोकांना शिक्षा देताना कोर्ट कचरतं. सुप्रीम कोर्टाने मसलटी केसमध्ये १९६४ सालीच म्हणून ठेवलंय की अशा वेळी आरोपीचं नाव दोन-तीन साक्षीदारांनी सुसंगतपणे घेतलंय का ते बघणं बरं, आणि ती चाळणी आजही रोज वापरली जाते. त्यामुळे यादी जेवढी लांब तेवढी केस मजबूत, हा कार्यकर्त्यांचा समज बरोबर उलटा आहे.

तुमच्या केसमध्ये यादी २८ ची आहे. ती भावाने सांगितली की कोणी आणून दिली हे तुम्हाला माहीत असेल, मी विचारत नाही. फिर्याद मागे जाऊन बदलता येत नाही, पण पुरवणी जबाब देता येतो. भावाने तपास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा की मी जखमी अवस्थेत होतो, मला सविस्तर सांगायचंय, आणि मग फक्त स्वतः पाहिलेलं सांगावं: कोण, हातात काय, कुठे उभा, कुठल्या अंगाला मारलं. जे पाहिलं नाही ते पाहिलं नाही म्हणावं. लोकांना वाटतं याने केस ढिली होते, मला उलट अनुभव आहे, साक्षीदार "हे मी पाहिलं नाही" म्हणाला की न्यायाधीश त्याचं बाकीचं ऐकायला लागतात. जमलं तर बीएनएसएस (नवा फौजदारी प्रक्रिया कायदा, जुनं सीआरपीसी) कलम १८३ खाली, म्हणजे जुनं १६४, मॅजिस्ट्रेटसमोर जबाब व्हावा असा अर्ज करा. तो जबाब पुढे दबावाखाली फिरवणं अवघड जातं, आणि दबाव येणार आहे हे गृहीत धरा.

दुसरं, हात मोडलाय ना? फ्रॅक्चर म्हणजे कायद्याने गंभीर दुखापत. पण रात्री गुन्हा दाखल होताना एक्स-रे रिपोर्ट हातात नसतो म्हणून बरेचदा साध्या दुखापतीचं कलम लागतं आणि नंतर ते तसंच राहतं, कुणी लक्षच देत नाही. दवाखान्यातून एमएलसीची (पोलीस केसमधल्या जखमीची) नोंद, एक्स-रे, इंजुरी सर्टिफिकेट घ्या आणि कलमवाढीचा अर्ज द्या. घातक हत्याराने गंभीर दुखापत हे बीएनएसचं (नवी दंडसंहिता, जुनी आयपीसी) ११८(२) आहे, त्यात किमान १ वर्ष आणि वर १० वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे, आणि साध्या दुखापतीच्या ११५(२) मध्ये जास्तीत जास्त १ वर्ष. एका एक्स-रेच्या कागदाने एवढा फरक पडतो.

आता नेत्यांवर येऊ.

कायद्यात नेत्यापर्यंत पोचायचे रस्ते तीन-चार आहेत. पाच किंवा जास्त लोकांचा बेकायदा जमाव आणि त्याचा समान उद्देश, हे बीएनएस १८९ आणि १९०, जुनं १४१ आणि १४९. समान इरादा, ३(५), जुनं ३४. चिथावणी किंवा मदत म्हणजे अपप्रेरणा, ४५ पासून पुढची कलमं. आणि कट, ६१, जुनं १२० ब. पहिल्या दोन रस्त्यांनी जायचं तर नेता बहुतेक वेळा तिथे हजर किंवा सामील दाखवावा लागतो आणि नेता त्या वेळी नेमका कुणाच्या तरी लग्नात असतो, शंभर लोकांबरोबर फोटो काढून. त्यामुळे खरा रस्ता अपप्रेरणा आणि कट, त्याला हजर असावं लागत नाही. पण पुरावा लागतो आणि तो मारामारीच्या जागी सापडत नाही, आदल्या दोन दिवसांत सापडतो. बैठक कुठे झाली, गाड्या कुणी पाठवल्या, डिझेल कुणाच्या खात्यावर भरलं, तालुक्याबाहेरची पोरं कुणी बोलावली, रात्री जामीनदार म्हणून सातबारा घेऊन कोण आलं.

भाषणाचा व्हिडिओ घेऊन लोक माझ्याकडे येतात. "आता आम्ही बघून घेऊ", "गद्दारांना जागा दाखवू", यावर काही होत नाही, असलं रोज चालतं आणि कोर्ट याला राजकीय भाषा म्हणून सोडून देतं. पण व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हॉइस नोट असेल की "उद्या पाचपर्यंत पाटी खाली आली पाहिजे, काय व्हायचं ते होऊ दे, पोलिसांचं मी बघतो", तर ती वेगळी गोष्ट आहे. वेळ आहे, काम आहे, आणि नंतरच्या संरक्षणाची हमी आहे. अशी क्लिप ज्याच्या मूळ फोनवर आली तो फोन जपा, फॉरवर्ड केलेली कॉपी घेऊन नाचू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, त्यात आता हॅश व्हॅल्यू (फाईलचा डिजिटल ठसा) पण द्यावी लागते, ते नीट झालं नाही तर क्लिप कितीही स्फोटक असो, तिचा काही उपयोग नाही. आजूबाजूच्या दुकानांचं सीसीटीव्ही काही दिवसांत पुसलं जातं, त्यामुळे तपास अधिकाऱ्याला आजच लेखी द्या की अमुक अमुक कॅमेरे आणि अमुक नंबरांचे कॉल रेकॉर्ड जपून ठेवा. पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे नुसती गप्पा.

एक गैरसमज काढून टाका. पकडलेल्या पोराने पोलिसांसमोर "मला साहेबांनी सांगितलं" असं म्हटलं म्हणजे साहेब अडकले असं नसतं. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, साक्ष्य अधिनियम कलम २३. पेपरात मोठी बातमी येते, चार्जशीटमध्ये एक ओळ असते, आणि डिस्चार्जच्या, म्हणजे खटल्याआधीच आरोपातून सोडा म्हणायच्या अर्जावर ती ओळ उडते.

पोलीस ऐकतच नसतील तर एसपींना लेखी, मग मॅजिस्ट्रेटकडे १७५(३), जुनं १५६(३). दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर घ्यायलाच हवा हे ललिता कुमारी केसमध्ये २०१३ लाच सांगून झालंय. तपासाचं काय चाललंय ते ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं हे आता बीएनएसएस १९३ मध्ये लिहिलेलं आहे, फार कमी ठिकाणी स्वतःहून कळवतात, तुम्ही विचारा. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे समरी, म्हणजे केस बंद करा असा पोलिसांचा अहवाल. ए म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही, बी म्हणजे तक्रार खोटी, सी म्हणजे धड खरी नाही धड खोटी नाही. मोठं नाव वगळून चार्जशीट आलं किंवा सगळ्यालाच सी समरी मागितली तर कोर्ट फिर्यादीला नोटीस काढतं आणि त्याला हरकत घेता येते. नोटीस येते त्या दिवशी नेमकं फिर्यादीला "साहेबांनी बोलावलंय" असा फोन पण येतो, हा योगायोग मी किती वेळा पाहिलाय ते सांगत बसत नाही.

क्रॉस केसबद्दल. तासाभरात उलटा गुन्हा दाखल झाला याचा राग येणं बरोबर आहे, पण पोलिसांना समोरच्याची तक्रार नाकारता पण येत नाही. मात्र ते हत्यार काय आहे ते समजून घ्या: दोन्ही गुन्हे असले की दोन्हीकडच्यांना तडजोडीची गरज निर्माण होते, तू मारल्यासारखं कर मी रडल्यासारखं करतो असा हिशोब जमतो. यात तुमचा बचाव एवढाच की दोन्ही केसेस एकाच न्यायाधीशासमोर, एकामागोमाग चालवा म्हणून अर्ज करायचा, सुप्रीम कोर्टाने नथीलालमध्ये १९९० ला आणि सुधीर केसमध्ये २००१ ला हेच सांगितलंय. वेगवेगळ्या कोर्टात गेल्या तर एकाच भांडणाच्या दोन कहाण्या तयार होतात.

क्रॉस केसमध्ये सगळ्यात जास्त वजन कशाला, तर त्या संध्याकाळी कार्यालयाचा ताबा कोणाकडे होता याला. ज्याच्या ताब्यात जागा आहे त्याला स्वसंरक्षणाचा हक्क सांगता येतो, जो घुसला तो हल्लेखोर. आणि इथे गंमत अशी की अर्ध्या पक्ष कार्यालयांची मालकी पक्षाकडे नसतेच. कुठे जागा एखाद्या जुन्या कार्यकर्त्याच्या आजोबांची, कुठे ट्रस्टची (मुंबईचं शिवसेना भवन सुद्धा शिवाई ट्रस्टच्या नावावर आहे), कुठे ग्रामपंचायतीच्या गायरानावर पत्र्याचं शेड. म्हणून भाडेकरार, लाईट बिल, घरपट्टीची पावती शोधा. निवडणूक आयोगाने नाव आणि चिन्ह कुणाला दिलं यावरून गावातल्या खोलीचा ताबा ठरत नाही, हे दोन्हीकडच्या पोरांना कुणी सांगत नाही. "चिन्ह आपलं म्हणजे शाखा आपली" म्हणून त्यांना पाठवतात आणि ती जातात.

तामिळनाडूत हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. ११ जुलै २०२२ ला अण्णाद्रमुकची एका बाजूला जनरल कौन्सिल चालू आणि दुसरीकडे चेन्नईच्या मुख्यालयात पनीरसेल्वम आणि पलानीस्वामी या दोन गटांच्या नेत्यांच्या समर्थकांची तुफान हाणामारी. महसूल अधिकाऱ्याने सीआरपीसी १४५-१४६ खाली, म्हणजे जागेच्या वादातून शांतता बिघडायच्या कलमांखाली, मुख्यालयालाच सील ठोकलं. मद्रास हायकोर्टाने २० जुलैला ते सील काढून चाव्या पलानीस्वामींकडे द्यायला सांगितल्या आणि सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात हात घातला नाही. म्हणजे मुख्यालयाचा ताबा ९ दिवसांत ठरला. ज्यांची डोकी फुटली त्यांचं त्या ९ दिवसांत काय ठरलं? तीच कलमं आता बीएनएसएस १६४ आणि १६५ आहेत, आणि तुमच्याकडे अजून तणाव असेल तर तहसीलदार-प्रांतांकडे तो अर्ज करून ठेवा, निदान पुढच्या राड्याआधी कुलूप तरी सरकारी लागेल.

पक्ष काही करतो का, या प्रश्नाला खरं उत्तर एका शब्दाचं आहे पण समजावून सांगतो. प्रत्येक पक्षाची घटना असते, त्यात शिस्तपालन समिती असते, तिचं काम "पक्षविरोधी कारवाया" बघणं. माझ्या पाहण्यातल्या जेवढ्या हकालपट्टीच्या नोटिसा आहेत त्या सगळ्या कुणी दुसऱ्याचा प्रचार केला, कुणी बंडखोरी केली, कुणी पत्रकार परिषद घेतली यावर आहेत, ६ वर्षांसाठी निलंबित वगैरे. आपल्याच कालच्या सहकाऱ्याचा हात मोडला म्हणून काढल्याची नोटीस मी एकदाही पाहिली नाही. पक्ष एकसंध असतो तेव्हा निदान वरचा माणूस दोघांनाही ओळखतो, कान पिळतो. फुटला की मारणारा हा एका गटाचा गुन्हेगार आणि दुसऱ्या गटाचा वाघ होतो, त्याला पद मिळतं. फुटीच्या काळात ज्याच्याकडे पोरं आहेत त्याला किंमत असते, त्याला शिस्त लावायला जाल तर तो उद्या सकाळी पलीकडे असेल.

आणि नुसतं फुटल्याच्या संशयावरून काय होऊ शकतं हे महाराष्ट्राने फार आधी पाहिलंय. १९८९ ला ठाण्याच्या महापौरपदाच्या निवडणुकीत शिवसेनेची मतं फुटली, उमेदवार पडला, आणि ज्यांच्यावर संशय होता ते सेनेचेच नगरसेवक श्रीधर खोपकर यांचा खून झाला. सेनेचे ठाण्यातले नेते आनंद दिघे यांना या प्रकरणात टाडाखाली (तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा) अटक झाली, नंतर जामीन मिळाला, २००१ मध्ये त्यांचं निधन झालं, त्यांना दोषी असं कुठल्याही कोर्टाने ठरवलं नाही. मी त्या खटल्यावर मत देत नाहीये. एवढंच सांगतो की ३५ वर्षांनंतर त्या प्रकरणातलं मारणारं कोण हे नाव लोकांना सांगता येत नाही, पण "फुटलेल्याचं काय होतं" हा संदेश मात्र सगळ्यांना पाठ आहे.

निवडणूक आयोगाकडून अपेक्षा ठेवू नका. १९६८ च्या चिन्ह आदेशाच्या परिच्छेद १५ मध्ये आयोग बघतो ते खरा पक्ष कोणता, आणि १९७१ च्या सादिक अली निकालापासून भर बहुमतावर. शिवसेनेचा निर्णय १७ फेब्रुवारी २०२३ चा, राष्ट्रवादीचा ६ फेब्रुवारी २०२४ चा, दोन्हीत आमदार-खासदार मोजले गेले. कोणत्या गटाने किती कार्यालयं दांडक्याने ताब्यात घेतली हा कॉलम त्या तक्त्यात नसतो. पक्षाची नोंदणी रद्द करायचा अधिकार पण आयोगाला जवळजवळ नाहीच, फसवणुकीने नोंदणी घेतली वगैरे मोजके अपवाद सोडले तर, हे सुप्रीम कोर्टाने २००२ ला सांगून ठेवलंय. आचारसंहिता मोडली तर मान्यता निलंबित करायची तरतूद त्याच चिन्ह आदेशाच्या १६अ मध्ये आहे, पण तुमच्या पाटीच्या राड्यावर कुणी ती वापरेल या भ्रमात राहू नका.

पक्षाच्या खिशाला हात लागल्याचं एक उदाहरण मात्र आपल्याच हायकोर्टाचं आहे. ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदसाठी मुंबई हायकोर्टाने २००४ मध्ये शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले होते. ते माजी कॅबिनेट सचिव बी. जी. देशमुख आणि इतर नागरिकांच्या याचिकेवर, म्हणजे कार्यकर्त्यांपैकी कुणी नव्हतं. बंद आणि गटबाजीची मारामारी एक नाही, पण पक्ष म्हणून जबाबदार धरता येतं एवढा धागा त्यातून निघतो, आणि तो ओढायचा तर फौजदारी नव्हे, रिट किंवा नुकसानभरपाईच्या दाव्याच्या वाटेने. खर्चिक आहे, लांब आहे, एकट्याने करू नका.

उमेदवारीच्या वेळी थोडी फट आहे. लोकसभा-विधानसभेला गुन्हे असलेला माणूस का निवडला याची कारणं पक्षाने जाहीर करायची, नुसतं "निवडून येतो" हे कारण चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२० ला सांगितलं, आणि न पाळल्याबद्दल ऑगस्ट २०२१ ला ८ पक्षांना दंड केला, दोघांना ५-५ लाख आणि बाकीच्यांना १-१ लाख. रक्कम बघून हसू येतं. पण चार्जशीटमध्ये नाव असलेल्याला ते शपथपत्रात लिहावं लागतं, आणि २ वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर लोकप्रतिनिधी कायद्याच्या कलम ८ खाली सरळ अपात्रता, २०१३ च्या लिली थॉमस निकालानंतर अपिलाच्या आडोशाला पण लपता येत नाही. नेत्याला भीती कसली असेल तर तुरुंगाची नाही, या २ वर्षांची. म्हणूनच त्याचं नाव कागदावर येऊ नये यासाठी एवढी धडपड असते.

आणि कार्यकर्त्याला काय भोगावं लागतं ते नेत्याच्या हिशोबात नसतं. तुमच्या १४ जणांत २५ च्या आतले किती आहेत? त्यांना पोलीस भरतीचा फॉर्म भरताना चारित्र्य पडताळणीत हा गुन्हा दिसणार. पासपोर्टला अडकणार. दर निवडणुकीला शांतता राखायची हमी मागणारी बीएनएसएस १२६ ची नोटीस येणार, जुनी १०७ ची चॅप्टर केस, कामधंदा सोडून तहसील कचेरीत बाँड लिहून द्या. दोन-तीन गुन्हे जमले की महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५६ खाली तडीपारीचा प्रस्ताव, २ वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर. माझ्याकडे एक जण यायचा, सतरंज्या उचलण्यापासून सुरुवात केलेला, तडीपार असताना आईच्या दहाव्याला यायची परवानगी मागायला मला प्रांत ऑफिसात उभं राहावं लागलं. ज्याच्यासाठी त्याने काठी उचलली होती तो त्या महिन्यात समोरच्या गटाबरोबर एकाच स्टेजवर हार घालून घेत होता.

मग दिलजमाई झाली तर काय. आरोपींच्या बाजूने तीन दारं उघडतात. एक, कोर्टात तडजोड, पण दंगल आणि घातक हत्याराची कलमं तशी मिटत नाहीत. दोन, हायकोर्टात बीएनएसएस ५२८ खाली, जुनं ४८२, गुन्हा रद्द करून घेणं, ज्ञान सिंग केसच्या २०१२ च्या निकालानंतर हा राजमार्ग झालाय. तीन, सरकारने खटला मागे घेणं, कलम ३६०, जुनं ३२१. राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घ्यायचे शासन निर्णय आपल्याकडे वेळोवेळी निघतात, जीवितहानी नसावी आणि मालमत्तेचं नुकसान ५ लाखांच्या आत असावं अशा अटींवर, आणि पाटीवरून झालेली मारामारी पण "आंदोलन" म्हणून त्यात बसवायचा प्रयत्न होतो. तिथे तुमचा हक्क लक्षात ठेवा: ३६० मध्ये आता स्पष्ट लिहिलंय की पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोर्टाने परवानगी द्यायची नाही. आणि सरकार म्हणतं म्हणून कोर्टाने मान डोलवायची नसते, केरळ विधानसभेत २०१५ ला झालेल्या तोडफोडीचा खटला मागे घ्यायला सुप्रीम कोर्टाने जुलै २०२१ ला नकार दिला होता. आरोपी आजी-माजी आमदार-खासदार असेल तर हायकोर्टाची परवानगी पण लागते, हे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२१ ला सांगितलंय.

दुसऱ्या दारासाठी त्यांना भावाचं संमतीचं ॲफिडेव्हिट लागणार. म्हणजे या सगळ्या प्रकरणात ज्याची खरंच किंमत आहे अशी एकच वस्तू तुमच्या घरात आहे, भावाची सही. ती फुकट जाऊ देऊ नका. मांडवली करणं पाप आहे असं मी म्हणणार नाही, गावात राहायचं असतं, पोरं शाळेत एकत्र असतात. पण करायची तर दोन्ही केसेस एकाच अर्जात, एकाच दिवशी संपल्या पाहिजेत, आणि हाताच्या ऑपरेशनचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च लेखी कबूल झाला पाहिजे. नेहमी काय होतं सांगू? भावाकडून सही घेतात, समोरच्यांची केस रद्द होते, आणि आपल्यावरच्या क्रॉस केसचं "पुढच्या महिन्यात बघू". आणि काहीही झालं तरी साक्षीच्या पिंजऱ्यात जाऊन "मी कुणाला ओळखत नाही" म्हणू नका. मिटवायचं तर रीतसर मिटवा. १८३ चा जबाब देऊन मग फितूर झालात तर खोट्या साक्षीची टांगती तलवार भावावर येते, त्या पीएवर नाही.

राहिला वकील. सरकारी वकील केस चालवतात पण पीडिताला त्यांच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो, तो द्या, आणि त्याची फी तुम्ही द्या. हप्त्याने द्या, कमी द्या, मी पण घेतलीये तशी. नेत्याने पाठवलेला वकील चांगला असेल, माझा मित्रही असेल, पण तारखेच्या आदल्या रात्री तो फोन भावाला करतो की साहेबांना, एवढं एकदा बघा. भावाला करत नसेल तर दुसऱ्या दिवशी नवीन वकीलपत्र दाखल करा, जुन्या वकिलाची ना हरकत लागेल, ती मागायला भावाने स्वतः जावं, पीएला पाठवू नये.